सांबाराची जुडी

“नत्थूभाऊ, मार लागायच्या आधी जे काम करत होतात, ते आता पहिल्यासारखं करता येतं का?” वर्षालीने सतरावा प्रश्न विचारला आणि पेन चौकोनाशी टेकवून ठेवला.

“येते नं,” ओसरीत पोत्यावर बसलेला नत्थू म्हणाला. समोर सांबाराचा हिरवागार ढीग होता. इकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. “रोजच्या शंभर जुड्या बांधतो. इचारा तिले.”

त्याची बायको गोपिका दारात उभी होती. “बांधतेत,” ती म्हणाली. “त्याईच्याच हातच्या जातेत बजारात.”

वर्षालीने ‘हो’च्या चौकोनात खूण केली, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस भाजीच्या गाडीवरून डांबरी रस्त्यावर पडला होता आणि कानातून रक्त वाहत, बेशुद्ध असा तिच्या दवाखान्यात आला होता. डोक्याला मार लागलेल्यांना एक इंजेक्शन लवकर दिलं तर ते सावरतात का, याचा तिथे अभ्यास चालू आहे. कुणाला औषध मिळतं, कुणाला नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं हे सुई टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गोपिकेने तेव्हा भाजीच्या वाडीतल्या मातीने भरलेल्या हाताने संमतीच्या कागदावर सही केली होती. आता सहा महिन्यांनी घरी जायचं आणि माणूस कितपत बरा झाला ते लिहून आणायचं, एवढंच वर्षालीचं काम. पण त्यात ‘पहिल्यासारखं काम करतो’ असं लिहायला मिळण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक घरी लोक चहा पाजतात आणि दुसरीकडे बघत उत्तरं देतात.

“मॅडम, आमच्या नालवाडीवरून रिकाम्या हातानं जाऊ नका,” नत्थू म्हणाला. “तुमच्यासाठी एक ताजी बांधतो.”

त्याने मूठभर काड्या उचलल्या. मुळं जमिनीवर ठोकून एका रेषेत आणली, एक पिवळं पान खुडून टाकलं. जन्म भाजीत गेलेल्या माणसाचे हात, काही शिकवायला नको. मग त्याने सुतळी गुंडाळायला घेतली. एक फेरा, दोन, तीन. चौथ्याला बोटं अडली. सुतळीच्या टोकाकडे तो जरा वेळ बघत राहिला, आणि ते टोक त्याने नुसतंच काड्यांत खोचून दिलं. गाठ मारलीच नाही.

वर्षालीने त्याच्या बाजूला पाहिलं. आतापर्यंत बांधलेल्या वीस-पंचवीस जुड्या ओळीने मांडलेल्या होत्या, बघायला अगदी देखण्या. गाठ एकीलाही नव्हती.

“आणा इकडं, थैलीत टाकून देते,” गोपिका घाईघाईने पुढे आली.

“थैली कायले पाह्यजे? घ्या मॅडम, हातातच घ्या.” त्याने जुडी वर्षालीच्या तळहातावर ठेवली.

आता ती सुटली असती तर त्याच्या डोळ्यांदेखत सुटली असती. वर्षालीने मूठ गच्च आवळली. “छान झालीय,” असं म्हणून तिने फाइल काखेत मारली आणि अंगणातून निघाली. वाटेत पायाखाली विंचू आला असता तरी तिने ती मूठ सोडली नसती.

कुंपणाबाहेर तिची स्कूटर उभी होती. गोपिका मागोमाग आली.

“मागच्या खोलीत नेऊन साऱ्याच पुन्हा बांधा लागतेत मले,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्याईले मालूम नाई.”

“सांगितलं का नाही वहिनी?”

“पहिले दोन महिने भिंतीकडं तोंड करून बसले होते. जेवा म्हटलं तं म्हणे, काम नाई तं जेवण कायचं? मंग एक दिवस मीच समोर सांबार आणून टाकला. आता दुपार झाली का तेच हाका मारतेत, आण लवकर, बजाराले उशीर होऊन राह्यला.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमच्या कागदावर खरं लिवा. मले तं काईच समजत नाई, पण तिकडं दुसऱ्याचं भलं व्हाचं असन तं खोटं कायले? फक्त त्याईच्या समोर नका लिवू.”

वर्षालीने जुडी जपून तिच्या हातात दिली आणि फाइल गाडीच्या सीटवर उघडली. या कामात चूक रबराने पुसत नाहीत, पांढरा रंगही लावत नाहीत. एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं उत्तर, सही आणि तारीख. तिने ‘हो’वर रेघ ओढली आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. मग सहीसाठी पेन टेकवलं. तोवर गोपिकेने सुतळी उलगडली होती आणि एक टोक दातात धरून ती जुडी नीट बांधत होती.

तेवढ्यात ओसरीतून नत्थूचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

“अवं, मॅडमच्या बी जुडीले गाठ मारून देजो. नाईतं गाडीवर सुटन ते.”

सुतळीचं टोक दातात तसंच धरून गोपिका उभी राहिली.