दीड वर्षाचा चेहरा

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम चेहरा तरुण दिसण्याचे दोन उपाय समजावून सांगत होत्या. एकात सुईनं कातडीखाली दोरे घालून गाल वर ओढायचे. आठवड्यात सूज उतरते, पण दीडेक वर्षात गाल पुन्हा खाली येतात. दुसऱ्यात कानाजवळ कापून, कातडी ताणून टाके घालायचे. दोन-तीन आठवडे घरी बसावं लागतं, पण ते दहा वर्षं टिकतं.

“ताई, तुम्हाला कोणतं हवंय?” त्यांनी प्रयागबाईंना विचारलं.

“दोऱ्याचं करा,” नवरा आण्णासाहेब बोलला, जणू गाल त्याचेच होते. “फ्लेक्सवर ही लई म्हातारी दिसायलीय.”

“पण ते लवकर उतरतं.”

“उतरू द्या की. सरपंचपद बायांना सुटलं म्हणून हिला उभी केली. हिच्या मुदतीची दीडच वर्षं राहिलीत. पुढच्या टायमाला जागा ओपन होतीय, मग म्याच उभा राहणार. तवा हिचं तोंड कोण बघतंय?”

डॉक्टर चमकून प्रयागबाईंकडं वळल्या. “म्हणजे सरपंच तुम्ही आहात?”

“व्हय, समदं म्याच बघतो,” पुन्हा आण्णासाहेबच बोलला.

प्रयागबाईंनी खुर्ची मागं सारली.

“माझ्या तोंडाला हात लावू नका, डॉक्टर. ओपन जागेवर बायांना बी उभं राहता येतंय. दीड वर्षानं म्या ह्याच तोंडानं ह्यांच्यासमोर उभी राहणार हाय. तुमचं ते दहा वर्षांचं ऑपरेशन ह्यांचं करा. हरल्यावर ह्यांनाच गावात तोंड दाखवायचंय.”