झोपलेल्याला उठवायचं नाही

चिखलदऱ्याचा घाट उतरताना सौरवला वळणावरच्या मोरीजवळ नारिंगी जॅकेट दिसलं आणि त्यानं करकचून ब्रेक दाबले.

विक्कीचंच. खांद्याला विक्कीच्या आईनं, इंदुताईंनी, निळ्या दोऱ्यानं घातलेली टीप होती. माणूस सावलीत आडवा, जॅकेट तोंडावरून ओढलेलं, कमरेखालचा भाग कठड्याआड. सायकल पार खाली गवतात, नुसतं चाक दिसत होतं.

नागपुरातल्या प्रताप नगरचे हे दोघं शाळेपासूनचे जिगरी. नागपूर-चिखलदरा-नागपूर अशा सलग राईडमध्ये दोघांतला जो आधी परत येईल, त्याला त्यांचा सायकल क्लब लडाखच्या खिंडींत सायकल चालवायला पाठवणार होता. जागा एकच. निघाल्यापासून विक्की पुढे. घाट चढताना सौरवला ओकारी झाली, पिंडऱ्यांत गोळे आले, तरी हा बाबा काही हाताला लागेना. आणि आता इथं ढाराढूर!

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा एक रिवाज असतो. रस्त्याकडेला झोपलेल्याला उठवायचं नाही. बिचारा किती वेळानं टेकला असेल, कुणास ठाऊक. दोघांना घाट चढायला शिकवणाऱ्या ओमप्रकाशकाकांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. काका आजही हौसेनं राईडला आले होते, साठी उलटली तरी सगळ्यांच्या पुढे.

पण या दोघांचं आपसात वेगळं ठरलं होतं.

"मी कुठं झोपलेला दिसलो त हाक मार बे," निघताना विक्की म्हणाला होता.

"मारतो ना. तुले सोडून जाईन का मी?"

सौरव उभा राहिला. हाक घशापर्यंत आली. तेवढ्यात जॅकेटखालून एक हात जरासा उचलला गेला आणि मातीवर पडला. झोपेत चाळवला असेल. आता हा उठला की गेलं लडाख! सौरवनं आवाज न करता सायकल पुढे ढकलत नेली, वळणापलीकडे टांग मारली आणि सुटला.

लाज वाटली. अगदी पोटातून वाटली. पण रिवाजच आहे, आपण काय वाईट केलं, असं तो स्वतःला बजावत राहिला. उतार संपेपर्यंत त्याला ते पटलंही.

घाटाच्या पायथ्याशी, चेकपॉइंटच्या मांडवाबाहेर विक्की उभा होता. अंगात नुसती जर्सी, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले.



विक्की धावत आला. "वर रेंजच नव्हती बे, म्हणून खाली यावं लागलं. परतवाड्याहून अँब्युलन्स येऊन राहिली. ओमकाकाची मांडी फाटली, रक्त थांबूनच नाही राहिलं. त्यायले सांगून आलो, घाबरू नका, सौरव मागूनच येऊन राहिला, माझं जॅकेट पाहून तो थांबनच, जखम दाबून बसन."

बोलता बोलता त्यानं सौरवच्या पाठीमागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"काकापाशी कोणाले बसवून आला?"