पिठाच्या डब्यावर

सौंसरला मोरेश्वर गुरुजींच्या घरी सारी गल्ली टीव्हीपुढे बसली होती. नागपुरात आठ वर्षं नाटकं केलेली त्यांची कुंदा आज पहिल्यांदाच मालिकेत दिसणार होती.

"नाटकात गेली तवा बोलत नव्हते तुमी पोरीशी," शेजारच्या भिवाजीनं चिमटा काढला.

"आता तिच्यासाठीच अँटेना फिरवून राहिलो ना," गुरुजी हसून म्हणाले.

पडद्यावर कुंदाचा नवरा हात उगारून स्वयंपाकघरात आला. कुंदा पळाली नाही, ओरडली नाही. तिनं हातातल्या बांगड्या भराभर काढल्या, पिठाच्या डब्यावर ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गुरुजींचं हसू जागीच विरलं. घरातल्या पिठाच्या डब्यावर बांगड्या दिसल्या की ते बायकोवर, देवकाबाईंवर, खेकसायचे, "ही काय ठेवायची जागा आहे?" बांगड्या तिथं नेमक्या कधी येतात, हा प्रश्न मात्र त्यांना इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

भिवाजीची बायको खुदकन हसली. "काय वो गुरुजी, मार खायाच्या आधी कोणी बांगड्या काढते काय?"

"मुंबईत शिकवत असतील तसं," गुरुजी कसंबसं म्हणाले.

मागे दाराशी बसलेल्या देवकाबाई पडद्यावरची नजर न हलवता बोलल्या, "काचेच्या असल्या का काढाच लागते, बाई. नाही त हातात घुसते."