नोलीनची पारख

नोलीनने घड्याळ कानाशी धरलं आणि डोळे मिटले.

वॉरिक तिच्याकडे बघत राहिला. घड्याळ त्याने निवडलं होतं. डेलोरेन गावच्या रविवारच्या बाजारात, लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या रेकॉर्डी यांच्यामधल्या टेबलावर ते पडलेलं होतं. काळी तबकडी, ठसठशीत हिरवे आकडे, पाठीवर सैन्याची बाणखूण. चाळीस डॉलरला. आपल्या हाताला घबाड लागलं अशा थाटात त्याने ते बायकोपुढे धरलं होतं.

"चाल चांगली आहे," डोळे उघडून नोलीन म्हणाली. "पण तबकडी पुन्हा रंगवलीय, वॉरिक."

"तुला काय माहीत?"

तिने घड्याळ उन्हात कलतं केलं. "हे बघ, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येत नाहीत. कारखान्यातून असं निघत नाही. आणि काटे बघ, काळवंडलेत. आकडे मात्र कालचे वाटतात. एका वयाचे नाहीत हे." मग घड्याळ उलटं करून तिने बाणावरून नख फिरवलं. "यात मळसुद्धा बसलेला नाही. कुणीतरी हल्लीच कोरलाय."

टेबलामागचा फर्गस मोठ्याने हसला. एके काळी तो मेंढ्यांची लोकर कातरायचा, आता लोकांच्या घरातलं अडगळीचं सामान विकायचा. "बाई, माझं दुकान उठवता का काय! मी आपला अख्खा खोका उचलला, मला यातलं ओ का ठो कळत नाही. थांबा, आत काय आहे तेही बघून टाका." त्याने खिशातला चाकू तिच्यापुढे धरला.

नोलीनने रुमाल पसरला, पातं कडेला टेकवलं आणि मनगटाला नुसता हलका झटका दिला. झाकण निघालं, आणि ते खाली पडायच्या आत तिने करंगळीने अलगद झेललं.

ती करंगळी वॉरिकला खटकली. लग्नाला चार वर्षं झाली होती. तिचे हात पीठ मळताना, गुलाब छाटताना त्याने पाहिले होते. हे हात त्याच्या ओळखीचे नव्हते.

"हे कुठे शिकलीस?"

"ग्रेमकडे," मान वर न करता ती म्हणाली.

ग्रेम म्हणजे तिचा पहिला नवरा. घटस्फोटानंतर तो तिकडे क्वीन्सलंडला निघून गेला होता. वॉरिकने त्याला एकाच फोटोत पाहिलं होतं. उंच, रुंद खांद्यांचा, डोक्यावर भरपूर केस असलेला. आता त्या फोटोत एक टेबल आलं, एक दिवा आला, आणि दिव्याखाली एकमेकांना चिकटलेली दोन डोकी आली.

"आतलं यंत्र खरं आहे," तिने झाकण बसवलं. मग शेजारच्या बिस्किटांच्या डब्यात हात घालून दुसरंच एक घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, ओरखडे उठलेली काच, कुणी न ऐकलेलं नाव. तेही तिने उघडून पाहिलं, आणि तिचा चेहरा खुलला. "हे घे तू. दिसायला साधं आहे, पण सगळं त्याचं स्वतःचं आहे."

"ग्रेमने हेच घेतलं असतं, नाही?"

"हो, बहुतेक," ती सहज बोलून गेली.

"मग मला काळंच द्या."

फर्गस जरा घुटमळला. "साहेब, बाई म्हणतात तसं असेल तर पंचवीस द्या. मला उगाच पाप नको."

"चाळीस लिहिलंय ना? चाळीसच घ्या." वॉरिकने नोटा टेबलावर ठेवल्या आणि घड्याळ तिथेच मनगटाला बांधलं. फर्गसने नोलीनकडे पाहिलं. ती लोणच्याच्या बरण्या न्याहाळत होती.

गाडी हमरस्त्याला लागली.

"कधी सांगितलं नाहीस," वॉरिक म्हणाला.

"तू कधी विचारलंस? आणि आपल्या घरात असं घड्याळ आलं तरी कधी?"

"शिकवलं मात्र झकास त्याने. शेजारी बसवून, हात धरून शिकवलं असेल."

"शिकवलं?" नोलीनला हसू आलं, पण ते लगेच विरलं. "अरे, तो काम करताना तोंडातून अक्षर काढायचा नाही. काम नसतानाही नाही. संध्याकाळी जेवण झालं की दिवा पुढे ओढून लोकांची घड्याळं खोलून बसायचा, तो निजायच्या वेळेलाच उठायचा. मी समोर बसून त्याचे हात बघायचे. त्या घरात बघायला दुसरं होतं काय?"

दोन्ही बाजूंनी औषधासाठी लावलेल्या अफूची पांढरी शेतं मागे पडत होती. आता आपण काहीतरी बोलायला हवं, हे वॉरिकला कळत होतं. माफी मागावी, निदान 'चल, परत जाऊन ते पांढरं घड्याळ घेऊन येऊ' म्हणावं. पण डोळ्यांपुढून ग्रेमचे हात हलेनात. तो एक अक्षर बोलत नसतानाही तिने रोज बघितलेले ते हात. तिने आपल्याकडे कधी इतका वेळ टक लावून पाहिलंय का, हेच तो आठवत बसला. एलिझाबेथ टाउन गेलं. ससाफ्रसही गेलं.

लॅट्रोबच्या अलीकडे त्याने डावीकडे नजर टाकली. नोलीन खिडकीबाहेर बघत नव्हती. ती स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातांकडे बघत होती.

"काहीतरी बोल, वॉरिक," ती म्हणाली. "काहीही बोल."