धुऱ्यावर उभी दिव्यानी

धानाच्या बांधीतून आपण गायलेलं गाणं ऐकू आलं आणि दिव्यानी थबकली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ती तशीच उभी राहिली. दोन कोटी लोकांनी पाहिलेलं, नंतर यूट्यूबवरून तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलेलं गाणं, कुरखेड्याजवळच्या या चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बाया खुशाल गात होत्या.

गाण्याची चाल निकेश सरांची. तेच निकेश सर, जे आपल्या गाण्याच्या क्लासातल्या पोरींशी घाणेरडं वागल्याबद्दल सध्या तुरुंगात होते. गाणं गाजत असताना दिव्यानीनं मोठ्या तोंडानं व्हिडिओ केला होता, "पोरींनो, गाणं शिकाचं असन त सरांकडंच जा." त्या व्हिडिओवर विसंबून इथली पुनम सरांच्या क्लासात गेली. पहिली तक्रारही पुनमनंच केली. आज दिव्यानी तिची माफी मागायला आली होती, आणि पुनम समोरच, बायांच्या रांगेत कमरेत वाकून धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवत होती.

मूळ गाणं होतं, "ये ना रे राजा, माह्या गावाले." दिव्यानीनं कान देऊन ऐकलं.

"जाय ना रे राजा, तू जेलाले," पुनम म्हणत होती, आणि बाया मागून ठसक्यात ओढत होत्या, "डास चावो तुया गालाले!"

दिव्यानीला हसू फुटलं. लगेच तिनं तोंडावर हात दाबला. आपल्याला हसायचा काय अधिकार?

तेवढ्यात म्हाताऱ्या बुधरीबाईनं तिला पाहिलं. गाणं थांबलं. रोवण्याच्या बाया धुऱ्यावरून जाणाऱ्याला सुखासुखी सोडत नाहीत. त्याचं नाव गाण्यात गुंफतात आणि चांगली हजेरी घेतात. मालक असो, सरपंच असो की गावचा जावई, त्यांना कुणाची भीड नसते. आता आपली पाळी, हे दिव्यानीला कळलं. पळून जावंसं वाटलं. पण ऐकून घ्यायलाच तर ती आली होती.

पुनम सरळ उभी राहिली. तिनं दिव्यानीकडे पाहिलं. मग त्याच चालीत म्हणाली,

"धुऱ्यावर उभी आमची दिव्यानीबाई,
चिखलात पाय काऊन ठेवत नाई?"

बायांनी ओळ उचलली. दिव्यानीच्या कानात मात्र 'आमची' एवढंच राहिलं. तिनं चपला काढल्या आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरली.

"पुनम, थो व्हिडिओ मी कराले नाई पायजे होता. माह्यामुळं तू..."

"तुयामुळंच गेली, हे खरं हाय," पुनम म्हणाली. "लय राग होता मले तुया. पण त्याच्यासंग काम केलेल्यांपैकी माह्या बाजूनं जबाब देणारी तूच एकटी निघाली." तिनं पऱ्ह्यांची पेंडी दिव्यानीच्या हातात कोंबली. "धर. अन् वरचा सूर घे. बुधरीबाईच्यानं होत नाई."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दिव्यानीला मोकळा श्वास घेता आला. तिनं सूर लावला. न गायल्यानं गंजलेला आवाज 'जेलाले'पर्यंत पोचता पोचता चिरकला. स्टुडिओत सरांपुढं लागलेल्या सवयीनं तिची मान खाली गेली.

"सॉरी, चुकलं. पुन्हा घेते."

"गाय वो ताई," पुनम म्हणाली. "इथी कोणी सर नाई."