आप्पांचं आवडतं गाणं

पेटीवर पहिले सूर उमटले आणि बायकांमध्ये बसलेल्या मंजुश्रीनं ते लगेच ओळखले. आज आप्पांच्या वर्षश्राद्धाला नेमकं हेच गाणं म्हटलं जाईल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मांडवात आप्पांचा हार घातलेला फोटो होता. दयानंददादानं काही कमी ठेवलं नव्हतं. अहमदपूरहून मल्लिनाथ नावाचा गायक आणला होता, पेटी-तबल्यासकट. अख्ख्या गावाला बुंदीचं जेवण सांगितलं होतं. जिवंतपणी ज्या बापाला वर्षातून दोनदा तोंड दाखवलं, त्याच्या फोटोसमोर तो सकाळपासून हात जोडून उभा होता.

गायकानं सूर धरले तसा दादानं माईक हातात घेतला. गावाकडं आला तरी माईकवर तो पुण्याचंच बोलायचा.

"हे माझ्या आप्पांचं अत्यंत आवडतं गाणं. माझ्या मोबाईलला कॉलर ट्यूनसुद्धा हीच आहे. आप्पा गेले त्या दिवशी मी इथे नव्हतो. पण शेवटच्या घटकेला त्यांचं माझं फोनवर बोलणं झालं, एवढंच माझं भाग्य."

त्यानं माईक खाली घेतला. पुरुषांतून कुणीतरी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरगा असावा तर असा," शेजारी बसलेल्या तारामतीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "श्रावणबाळ हाय बघ नुस्ता."

"हाव काकू," मंजुश्री म्हणाली. वर्षभर ती हेच म्हणत आली होती. दुसरं म्हणणार तरी काय? ते खोटं तिचंच होतं.

लातूरच्या दवाखान्यात, भर दुपारी, आप्पा म्हणाले होते, "दयानंदला लाव." त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून उशीपाशी धरला. गाणं वाजलं. दादानं उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. पुन्हा गाणं. मधे तिनं मेसेज टाकला, 'आप्पा बोलवायलेत, फोन उचल.' त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटलेल्या तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. फोन मात्र आला नाही. ती लावत राहिली. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "गाणं लई चांगलं लावलंय पोरानं," एवढं मधेच म्हणाले. बाराव्या खेपेला त्यांनी विचारलं, "उचलला का गं?"

"उचलला आप्पा. निघालाय म्हणतोय."

आप्पांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही, आणि विचारायला ते उरलेही नाहीत.

मरणाऱ्या माणसाला सांगितलेलं तिनं नंतर गावालाही सांगितलं, बापलेकाचं फोनवर बोलणं झालं म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. भावाची अब्रू ती आपलीच अब्रू. दादा दुसऱ्या दिवशी आला, लोकांनी "बरं झालं बाबा, बोलणं तरी झालं" म्हटलं, तेव्हा तो क्षणभर गडबडला होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. तेराव्यापर्यंत ते बोलणं त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. फोन का उचलला नाहीस, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती. आता माहेर म्हणायला एक दादा होता. तो दुखावला तर दिवाळीला कुणाच्या दारात जायचं? आजही जेवणं झाली की चारचौघांत लेकीच्या अंगावर साडी पडायची होती. वहिनीनं ती पिशवी सकाळीच दाखवून ठेवली होती.

गायकानं एक आवर्तन घेतलं आणि हात वर केला. "आता वडिलांसाठी लेकानं म्हणावं."

दादानं दोन शब्द म्हटले आणि त्याला रडू फुटलं. "माझ्याच्यानं होत नाही हो," तो म्हणाला आणि माईक घेऊन थेट बायकांकडं आला. "मंजू, तू म्हण. तुला पाठ असेल. आप्पांसाठी म्हण."

"म्हण की गं," काकूंनी तिला ढोसलं. "लेकीचं ऐकून बापाच्या जिवाला बरं वाटंल."

पेटी तिच्यासाठी थांबली होती. सगळा मांडव तिच्याकडं बघत होता. मंजुश्रीनं माईक घेतला. आवाज चिरका लागला, पण शब्द एकही चुकला नाही.

"माय माझी तुळस, बाप उंबऱ्याचा देव,
त्यांच्या पायाच्या धुळीत माझ्या जन्माची गा ठेव..."

आणि ती थांबली. तबल्यावाल्यानं ठेका धरून ठेवला. गायकानं पुढचा सूर दिला, परत दिला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बिचारीला भरून आलं असेल, असं त्यांना वाटलं. दादालाही तसंच वाटलं असावं. तो वाकून, अगदी मायेनं म्हणाला, "पुढचं म्हण ना मंजू. खरं गाणं तर पुढेच आहे."

मंजुश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं मान खाली घातली नाही. माईक तोंडापाशीच होता, तो तिनं बाजूला केला नाही.

"पुढचं मला येत न्हाई, दादा. दवाखान्यात बाराच्या बारा खेपा हितंच फोन कट झाला. आप्पांनी बी एवढंच ऐकलं."