पोहण्याचा पेपर

"कानाचा पडदा फाटलाय?" पोहण्याच्या मॅडमनी डॉक्टरचा दाखला उलटून पालटून पाहिला. "या आठवड्यातला सहावा पडदा हा. बरे नेमके निकालाच्या तोंडावर फाटतात सगळ्यांचे!"

आईने दाखल्यावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. लेक मात्र लाजेने लाल झाली.

पोहण्याच्या तलावाच्या काठी, प्लॅस्टिकच्या टेबलाशी तिघी उभ्या होत्या. लेक अकाउंट्सच्या शेवटच्या वर्षाला. वर्गात पहिली, नोकरीही ठरलेली. पण या कॉलेजचा एक हट्ट होता. पदवी कशाचीही घ्या, सगळ्यांना सारखे असलेले चार विषय सुटल्याशिवाय ती मिळायची नाही. भाषा, गणित, पर्यावरण आणि पोहणं. तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, वेडेवाकडे हातपाय मारत का होईना. बाकीचे तीन पोरीने हसत-हसत काढले. पोहण्याच्या तासाला ती पायरीवर बसून घरी यायची. आज शेवटची तारीख होती. आज नाही जमलं तर पदवी वर्षभर लांबणार, आणि पदवीविना नोकरी कोण देतो?

"हिशेब लिहायला पोहता कशाला यायला पाहिजे हो?" आईने विचारलं. "हिच्या ऑफिसात काय गळ्याइतकं पाणी असणार आहे?"

"ते मला नका विचारू. मलाही कॉलेजात कविता घ्यायला लावल्या होत्या. मेलं काही म्हणता काही कळलं नाही. पण झाले ना पास?"

आईने आवाज खाली आणला. "मॅडम, माझा मोठा मुलगा पाण्यात गेला. हिच्या जन्माआधी. काठावर पोहता येणारं कुणी नव्हतं. एक गेला, आता हिला तरी पाण्यात ढकलू नका. हात जोडते तुम्हाला."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी आईला खुर्ची दिली. "वाईट झालं हो. पण मग तर हिला यायलाच पाहिजे ना? तुम्ही पाण्याला घाबरता, तेच हिच्यात उतरलंय. तुमच्या भीतीपायी पोरीचं वर्ष कशाला घालवता?"

"गेलं वर्ष तर जाऊ दे!" आई ताडकन उठली. "पोरगी तर राहील!"

लेकीला हे ऐकवेना. जन्मभर हेच चाललं होतं. नदीकाठची सहल नको, समुद्र नको, घरात बादलीसुद्धा काठोकाठ भरायची नाही. हाताशी आलेली नोकरी आता आईच्या या एका वाक्याने जाणार होती.

"बास झालं, आई!" ती ओरडली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिने पाण्यात उडी मारली.

नेमकी खोल बाजूला. एकदा वर आली, तोंड उघडं, आणि पुन्हा खाली गेली.

मॅडम भिंतीवरचा लांब बांबू काढायला धावल्या. बुडणाऱ्याला आधी काठी द्यायची, उडी मागाहून, हे त्या दरवर्षी घसा फोडून शिकवत. बांबू घेऊन वळतात तर काठावर आई नाही. अगं बाई, पोरीच्या मागे ही पण गेली!

गेली होती खरी, पण सूर मारून. थेट तळाशी. वर आली ती लेकीच्या पाठीमागून, तिच्या हनुवटीखाली हात घालून, तिचं तोंड पाण्याबाहेर धरून. दुसऱ्या हाताने पाणी कापत ती काठाला लागली. तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती.

"तुम्ही तर पट्टीच्या पोहणाऱ्या आहात," मॅडम म्हणाल्या. बांबू हातातच राहिला होता.

लेक फरशीवर पालथी पडून खोकत होती. श्वास जागेवर आला तसं तिने मान वळवली आणि आईकडे पाहतच राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

"तुला पोहता येतं?"

आई पदर पिळत राहिली.

"आई, मी काय विचारतेय? काठावर पोहता येणारं कुणी नव्हतं म्हणायचीस ना? तू कुठे होतीस तेव्हा?"

"तिथेच." आई पदर पिळायची थांबली. "मीच म्हटलं त्याला, उतर बिनधास्त, मी आहे ना. आणि शेजारणीशी बोलत बसले. वळून बघितलं तर पाणी अगदी शांत होतं गं."

लेक उठून बसली. मग हळूच म्हणाली, "बाबांना माहितीय हे?"

"नाही माहीत."

मॅडमनी बांबू खाली ठेवला, डोळे पुसले आणि टेबलावरचं पेन उचललं. "जाऊ द्या. मी हिला पास करते. काठाला लागली ना? झालं तर मग."

"नको मॅडम," लेक म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी कुठे पोहले?"

मॅडमनी आईकडे पाहिलं. आता ही बाई काहीही करून सही मागेल, असं त्यांना वाटलं. आई उठून उभी राहिली. तिच्या अंगावरून अजून पाणी निथळत होतं.

"मिळेल पदवी पुढच्या वर्षी. तुम्ही शिकवा हिला," ती म्हणाली. "फक्त एक सांगून ठेवा. काठावर मी उभी असले, तरी कुणी नाही असं समजूनच पोहायचं."